पावडर तीच, भट्टी वेगळी: मग टफनेस कमी का आला?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सोलापुरात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅल्युमिनात १५ टक्के झिर्कोनिया (३ मोल टक्के यिट्रियावाला; हे तिन्ही धातूंचे ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिक) मिसळून एकाच पावडरच्या दोन प्रकारे चकत्या केल्या. अर्ध्या कॉलेजच्या साध्या इलेक्ट्रिक भट्टीत १६०० अंशांवर २ तास ठेवल्या. उरलेल्या हैदराबादहून स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगने (सिंटरिंग म्हणजे पावडर न वितळवता भाजून घट्ट करणं; इथे दाब आणि करंट देऊन), १३५० अंशांवर ५ मिनिटांत करून आणल्या. घनता (छिद्रं अजिबात नसताना येईल तिच्या तुलनेत) ९७ टक्क्यांवरून ९९.५ वर गेली, हार्डनेस वाढला, पण टफनेस, म्हणजे तडा पसरायला होणारा विरोध, उलट कमी आला. त्याचं म्हणणं असं: "घनता वाढली की सगळेच गुणधर्म सुधारायला हवेत ना? माझं मोजमाप चुकलं की पद्धतच वाईट? आणि कंपोझिटसाठी नक्की कुठली पद्धत चांगली?"

मोजमापात चूक असू शकते, तिच्याकडे येतोच. पण मापं अगदी चोख असली तरी निकाल असाच येऊ शकतो. घनता हा गुणधर्मांतला फक्त एक वाटेकरी आहे. सिंटरिंगची पद्धत बदलली की छिद्रं, ग्रेनचा (आतल्या स्फटिककणांचा) आकार, ग्रेनच्या सीमांवर साचलेला माल आणि थंड होताना आत अडकलेला ताण हे सगळं एकदम बदलतं, आणि टफनेसचा हिशेब यांपैकी कुणाशी जुळतो ते मटेरियलवर ठरतं. तुमच्या मटेरियलमध्ये तो झिर्कोनियाच्या कणाच्या आकाराशी जुळतो.

नुसता अ‍ॅल्युमिना ३ ते ४ मेगापास्कल रूट मीटरच्या (टफनेसचं एकक) पुढे सहसा जात नाही. झिर्कोनिया घातल्यावर तो आकडा चढतो, कारण त्यातले कण टेट्रागोनल या स्फटिकरूपात अडकून पडलेले असतात. तडा जवळ आला की त्याच्या टोकाशी असलेल्या ताणामुळे हे कण सुटतात, म्हणजे मोनोक्लिनिक या दुसऱ्या स्फटिकरूपात जातात आणि आकारमानाने साधारण ४ टक्के फुगतात. फुगलेला कण तड्याचं तोंड दाबून धरतो. गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी १९७५ साली हे दाखवलं, तेव्हापासून झिर्कोनियाकडे बघायची नजरच बदलली.

म्हणजे टफनेस हवा असेल तर कण सुटायला हवा. कण फार बारीक असेल, त्यावर भोवती अ‍ॅल्युमिनाची ताठ चौकट असेल, तर तो जागचा हलत नाही. तडा शेजारून निघून जातो आणि कण टेट्रागोनलचा टेट्रागोनलच राहतो. फार मोठा झाला तर भट्टी थंड होतानाच, कुणी हातही न लावता सुटतो, आणि आजूबाजूला बारीक तडे पाडून ठेवतो. कामाचा आकार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि यिट्रिया किती आहे त्यावर तो पुढेमागे सरकतो. तुमच्या ५ मिनिटांच्या चकत्यांत ग्रेनला वाढायला वेळच मिळाला नाही. ग्रेन बारीक आणि छिद्रं नाहीत, म्हणून हार्डनेस वाढला. त्याच बारीकपणामुळे झिर्कोनिया हट्टी झाला आणि टफनेस उतरला. भट्टीतल्या चकत्यांत २ तासांत झिर्कोनियाचे कण सुटण्याच्या उंबरठ्याजवळ आले असणार, म्हणून ३ टक्के छिद्रं असूनही आकडा बरा आला.

हे माझं अनुमान झालं. ताडून बघायला एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्स-रेने स्फटिकरूप ओळखायची चाचणी, पुरतं. एकाच चकतीचे दोन पृष्ठभाग घ्या, एक नीट पॉलिश केलेला आणि एक ताजा मोडलेला. कॉपरच्या नळीवर टेट्रागोनलचा मोठा पीक ३०.२ अंशांच्या आसपास दिसेल, मोनोक्लिनिकचे दोन पीक २८.२ आणि ३१.५ च्या आसपास. मोडलेल्या पृष्ठभागावर मोनोक्लिनिक जितकं जास्त वाढलेलं, तितके कण तड्याने सोडवलेले. भट्टीच्या चकत्यांत हा फरक ठळक आणि स्पार्क प्लाझ्माच्या चकत्यांत नगण्य निघाला, तर उत्तर हातात आलं. एक मात्र सांभाळा: नुसता ग्राइंडिंग केलेला पृष्ठभाग घेऊ नका. चाकाच्या रगड्यानेच वरचे कण सुटतात आणि तुम्ही तडा सोडून ग्राइंडिंगच मोजत बसता.

आता मोजमाप. तुम्ही १५ टक्के लिहिलंय, पण वजनाने की आकारमानाने हे लिहिलेलं नाही. प्रबंधांत हा घोळ सर्रास असतो. अ‍ॅल्युमिनाची घनता ३.९८, झिर्कोनियाची ६.०८ धरली तर १५ टक्के वजनाने घातलेल्या मिश्रणाची सैद्धांतिक घनता ४.२० येते, कारण आकारमानाने तो झिर्कोनिया जेमतेम १०.४ टक्के असतो. १५ टक्के आकारमानाने घातला असेल तर ४.२९ किंवा ४.३० येते. फरक दोन टक्क्यांहून जास्त आहे. पावडर आकारमानाने मिसळली आणि भागाकार ४.२० ने केला, तर तुमचे ९९.५ टक्के म्हणजे खरे ९७.४ च. उलट, वजनाने मिसळून ४.२९ ने भागलं असेल तर खरा आकडा १०१ च्या वर जाईल. तसं होऊच शकत नाही, म्हणजे ही चूक निदान स्वतःहून पकडली तरी जाते.

दुसरं, आर्किमिडीज पद्धतीत (चकतीचं पाण्यात बुडवून वजन करून घनता काढायची) पाण्याची घनता कितीची धरली? सोलापुरात मे महिन्यात प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा ३५ अंशांवर असतं. तिथे पाण्याची घनता ०.९९४ असते. सवयीने १ धरलीत तर सगळ्या चकत्या ०.६ टक्क्यांनी 'घट्ट' होतात. ९७ आणि ९९.५ यांतला फरक मोजायला निघालेल्या माणसाला हे परवडत नाही. पाण्यात थर्मामीटर टाका आणि तक्त्यातून आकडा घ्या, एवढंच.

तिसरं, टफनेस व्हिकर्सच्या (हार्डनेस मोजताना डायमंडचं टोक दाबून उमटवलेल्या) ठशाच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तड्यांवरून काढला असेल. सगळेच तसं करतात, कारण त्याला चकती पुरते. पण सूत्रं डझनावारी आहेत आणि एकाच ठशावरून वेगवेगळे आकडे देतात. तुमच्यासारख्या मटेरियलमध्ये तर ठसा उमटवतानाच भोवतीचा झिर्कोनिया सुटतो. एकाच हाताने, एकाच वजनाने, एकाच सूत्राने केलेली तुलना ढोबळ कल देते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. गाइडने आडकाठी केली नाही तर काही पट्ट्या कापून घ्या. डायमंडच्या पातळ चाकाने आधी खाच पाडायची, मग रेझर ब्लेडवर डायमंड पेस्ट लावून ती खाच हलक्या हाताने पुढेमागे घासत टोकदार करायची, आणि बेंडिंगमध्ये मोडायची. कंटाळवाणं काम आहे, पण येणारा आकडा कुणासमोरही ठेवता येतो.

तुम्ही १३५० आणि १६०० हे दोन आकडे शेजारी मांडलेत, तेही जरा जपून. साध्या भट्टीत थर्मोकपल हवेचं, म्हणजे जवळजवळ तुकड्याचंच तापमान सांगतं. स्पार्क प्लाझ्मात पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र) बहुतेक वेळा ग्राफाइटच्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेरच्या अंगाकडे बघत असतो. आतली चकती त्याहून बरीच गरम असू शकते, अगदी ५० ते १०० अंशांनीही. माल वीज वाहणारा की न वाहणारा यावरही ते बदलतं. अ‍ॅल्युमिना-झिर्कोनिया वीज वाहत नाही, सगळा करंट डायमधून जातो आणि चकती डायच्या उबेने तापते. टायटॅनियम कार्बाइड ३० टक्के घातलेला अ‍ॅल्युमिना असता तर करंटचा काही भाग चकतीतूनच गेला असता. नावात स्पार्कही आहे आणि प्लाझ्माही, पण आत खरोखर ठिणगी किंवा प्लाझ्मा तयार होतो का यावर संशोधकांचंच एकमत नाही. करंट, दाब आणि तापमान वाढायचा प्रचंड वेग, मिनिटाला १०० अंश किंवा जास्त, एवढं मात्र नक्की आहे.

वेगाचा फायदा का होतो हे कळलं तर बाकीच्या पद्धती समजायला सोप्या जातात. पावडरचे कण एकमेकांना चिकटतात ते पृष्ठभागाची ऊर्जा कमी व्हावी म्हणून. ती दोन प्रकारे खर्च होऊ शकते. ग्रेनच्या सीमेवरून माल सरकला तर कणांची केंद्रं जवळ येतात आणि तुकडा आकसतो. नुसता पृष्ठभागावरून सरकला तर कणांमधल्या जोडांच्या माना जाड होतात, कण मोठे होतात, पण तुकडा आकसत नाही. अ‍ॅल्युमिनात कमी तापमानाला दुसऱ्या वाटेची चलती असते. म्हणून तिथे रेंगाळलात तर जमवलेली ऊर्जा फुकट जाते. तापवताना मध्येच लाइट गेली, भट्टी अर्धवट गरम तासभर पडून राहिली आणि मग पुन्हा चढवली, तर त्या बॅचची घनता शेवटपर्यंत मागे राहू शकते, त्याचं कारण हेच. झटकन वर नेणाऱ्या पद्धती हा टप्पा ओलांडून जातात.

मग शेवटचे पाच-सात टक्के. कच्चा तुकडा साधारण ५५ टक्के घनतेचा असतो आणि पूर्ण भाजल्यावर प्रत्येक बाजूने १७-१८ टक्के आकसतो. ९२-९५ टक्क्यांपर्यंत छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि ग्रेनच्या सीमांना रोखून धरतात. त्यानंतर ती तुटून सुटी होतात आणि सीमांवरचा पहारा सैल पडतो. इथे ग्रेन एकदम वाढायला लागले की छिद्रं ग्रेनच्या पोटात अडकतात, आणि मग १७०० अंशांवर दिवसभर ठेवलं तरी निघत नाहीत. रॉबर्ट कोबल यांनी १९६० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये अ‍ॅल्युमिनात चिमूटभर मॅग्नेशिया घालून ही वाढ रोखली आणि हायड्रोजनमध्ये भाजून उजेड आरपार जाणारा अ‍ॅल्युमिना केला. हवेत भाजलं की बंद छिद्रात नायट्रोजन कोंडतो आणि शेवटचं आकसणं अडवतो. हायड्रोजन अ‍ॅल्युमिनातून निसटतो. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांतली नळी ती हीच. तुमच्या मिश्रणात मॅग्नेशियाचं काम झिर्कोनिया करतो. तो सीमांवर बसून अ‍ॅल्युमिनाचे ग्रेन रोखतो. मात्र त्याच कारणाने आकसणंही मंदावतं, म्हणून नुसत्या अ‍ॅल्युमिनापेक्षा जास्त तापमान लागतं. रोखायचं आणि आकसवायचंही, ही ओढाताण दाबाशिवायच्या सिंटरिंगमध्ये संपत नाही. तिच्यावर चेन आणि वँग यांनी २००० साली मांडलेला दोन पायऱ्यांचा उपाय तुमच्या कॉलेजच्या भट्टीतही करता येतो: आधी वरच्या तापमानाला फक्त टेकवायचं, लगेच खाली आणायचं आणि खाली बराच वेळ धरून ठेवायचं. खालच्या तापमानाला आकसणं चालू राहतं, ग्रेनची वाढ जवळजवळ थांबते. त्यासाठी कंट्रोलरला नीट प्रोग्रॅम द्यावा लागतो, जास्तीचा पैसा काही लागत नाही.

बाहेरून दाब दिला की ओढाताण कमी होते. हॉट प्रेसमध्ये ग्राफाइटच्या डायमध्ये २० ते ५० मेगापास्कल दाब देतात. मिश्रणात जिथे दुसरा घटक आकसायलाच तयार नसतो, तिथे याला पर्याय नसतो म्हटलं तरी चालेल. सिलिकॉन कार्बाइडच्या व्हिस्करवाला अ‍ॅल्युमिना घ्या. सुईसारखे व्हिस्कर एकमेकांत अडकून चौकट करतात आणि साध्या भट्टीत अ‍ॅल्युमिना कितीही ओढला तरी ती चौकट दबत नाही. टायटॅनियम कार्बाइडची अडचण वेगळी आहे. वरच्या तापमानाला तो अ‍ॅल्युमिनाशी भांडतो, वायू सुटतो आणि आतूनच छिद्रं करतो. म्हणून तो दाबाखाली किंवा झटपट उरकावा लागतो.

पण हॉट प्रेसच्या चकतीला दिशा असते. कडब्याच्या पेंढीवर माणूस बसला की ताटं आडवी पडतात, तसे व्हिस्कर आणि चपटे ग्रेन दाबाच्या दिशेला आडवे होतात. तडा त्यांना आडवा छेदत निघाला तर टफनेस भरपूर, त्यांच्या थरांतून निघाला तर कमी. कुठल्या दिशेने पट्टी कापली हे न लिहिता टफनेसचा एकच आकडा देणारे अहवाल मी बाजूला ठेवतो. दुसरं, ग्राफाइटमुळे कार्बन आत शिरतो आणि ऑक्सिजन कमी पडतो. स्पार्क प्लाझ्मालाही हे लागू आहे. तुमच्या हैदराबादच्या चकत्या करड्या, काळपट आल्या असतील. पांढरी पावडर काळी झाली म्हणून घाबरू नका, पण रंगाकडे दुर्लक्षही करू नका.

हॉट आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये १०० ते २०० मेगापास्कलचा आर्गॉन चारही बाजूंनी दाबतो, त्यामुळे दिशेचा प्रश्न नाही आणि आकारही कुठलाही चालतो. अट एकच: छिद्रं आधी बंद झालेली हवीत. जोडलेल्या छिद्रांत वायू सरळ आत शिरतो आणि दाब दोन्हीकडून सारखाच पडतो. ९० टक्क्यांचा तुकडा पाठवून तो ९९ चा होऊन येईल अशी आशा धरणारे दर वर्षी भेटतात. मायक्रोवेव्हबद्दल एवढंच सांगतो की थंड अ‍ॅल्युमिना त्यात तापत नाही, सिलिकॉन कार्बाइडचा आधार द्यावा लागतो. झिर्कोनिया मात्र गरम झाला की अचानक अधाशासारखा तापतो. मिश्रणात हे दोघं एकत्र, त्यामुळे चकतीत गरम डाग पडतात. फ्लॅश सिंटरिंग, म्हणजे कोलोन्या, राश्कोवा आणि राज यांनी २०१० साली झिर्कोनिया ८५० अंशांवर ५ सेकंदांच्या आत घट्ट केला ते, वाचायला जरूर वाचा. प्रबंधाच्या मुदतीत त्याच्या नादी लागू नका.

इथवर वाचून असं वाटेल की वेळ कमी तितकं बरं. सिलिकॉन नायट्राइडच्या बाबतीत नेमकं उलट आहे. त्याची अल्फा आणि बीटा अशी दोन स्फटिकरूपं आहेत, आणि तिथे टफनेस येतो लांबट, एकमेकांत गुंतलेल्या बीटा ग्रेनमुळे. ते तयार व्हायला अल्फा पावडर यिट्रिया आणि अ‍ॅल्युमिनाच्या वितळलेल्या द्रवात विरघळून पुन्हा जमावी लागते, आणि याला वेळ लागतो. नायट्राइड १८०० अंशांच्या वर फुटायला लागतो म्हणून नायट्रोजनच्याच दाबाखाली भट्टी चालवतात आणि निवांत धरून ठेवतात. हेच स्पार्क प्लाझ्मात पटकन उरकलं तर अल्फा तसाच उरतो. तुकडा जास्त कठीण आणि जास्त ठिसूळ होतो. तुमच्या निकालाचाच हा दुसरा चेहरा, कारण मात्र पूर्ण वेगळं. म्हणून 'कुठली पद्धत चांगली' याला मटेरियलचं नाव आणि काम कळल्याशिवाय माझ्याकडे उत्तर नाही.

काम बघायला सोलापूरच्या बाहेर जायची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चिल्ड कास्ट आयर्नचे कॅमशाफ्ट घडतात. ते कठीण, तापलेलं लोखंड कापायला लागणारं पांढरं सिरॅमिक इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं), म्हणजे अ‍ॅल्युमिना-झिर्कोनिया, साध्या सिंटरिंगचं आणि स्वस्त असतं. काळं, म्हणजे टायटॅनियम कार्बाइडवालं, दाबाखाली केलेलं आणि महाग असतं. काळ्याचा गरम असतानाचा हार्डनेस जास्त आणि उष्णताही ते लवकर वाहून नेतं, म्हणून अशा कामाला ते टिकतं. व्हिस्करवाल्या इन्सर्टचा टफनेस कागदावर याहून चांगला दिसतो, पण त्यातला सिलिकॉन कार्बाइड गरम लोखंडाशी रासायनिक सोयरीक जमवतो आणि धार झिजते. त्याची जागा निकेलच्या मिश्रधातूंवर. टफनेसच्या तक्त्यावरून इन्सर्ट निवडणाऱ्याला हे तक्ता सांगत नाही.

लूमवरचे आणि वाइंडिंगचे थ्रेड गाइड याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे कुणी टफनेस विचारत नाही. धागा दिवसभर एकाच जागेवरून धावतो, आणि पृष्ठभागावर एक ग्रेन उपटून खड्डा पडला की त्याच्या कडेला तंतू तुटायला लागतात. गाइड हजारोंनी लागतात, स्वस्त लागतात, वाकडेतिकडे आकार असतात. साधी भट्टी, बारीक पावडर, ग्रेनवर ताबा, बस. तिथे हॉट प्रेसचं नाव काढलं तर मालक चहा पाजून परत पाठवेल.

जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, तेव्हा पंपाच्या मेकॅनिकल सीलचंही बघा. सिलिकॉन कार्बाइडच्या सील फेस (एकमेकींवर घासत गळती रोखणाऱ्या चकत्या) दोन प्रकारच्या येतात. एक रिअ‍ॅक्शन बाँडेड: १४१४ अंशांच्या वर वितळलेलं सिलिकॉन कार्बनमिश्रित तुकड्यात शोषवतात, तुकडा जवळजवळ आकसत नाही, माप नेमकं येतं, स्वस्त पडतो, पण आत मोकळं सिलिकॉन राहतं. दुसरी सिंटर्ड: बोरॉन आणि कार्बन घालून २१०० अंशांच्या आसपास भाजलेली, मोकळं सिलिकॉन नाही. नुसतं पाणी असेल तर दोन्ही चालतात. इव्हॅपोरेटर धुवायला कॉस्टिक उकळतात त्या लाइनवर पहिली बसवली की कॉस्टिक ते सिलिकॉन खाऊन टाकतो आणि फेस खडबडीत होऊन गळायला लागते. सील उघडून पाहिली तर चकचकीत काळा फेस राखाडी, मंद झालेला दिसतो आणि नख फिरवलं की खरखर लागते. स्टोअरमध्ये दोन्हींवर 'सिलिकॉन कार्बाइड' एवढंच लिहिलेलं असतं.

भट्टी बदलल्याने काय होतं याचं सगळ्यात महाग उदाहरण वैद्यकातलं आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातले झिर्कोनियाचे गोळे करणाऱ्या फ्रान्समधल्या एका उत्पादकाने १९९८ मध्ये बॅच भट्टी सोडून सलग चालणारी टनेल भट्टी धरली. पावडर तीच. काही बॅचचे गोळे रुग्णांच्या अंगात फुटू लागले, आणि २००१ मध्ये माल परत बोलवावा लागला. ओलाव्यात झिर्कोनिया हळूहळू स्वतःहून सुटत जातो. नव्या भट्टीतल्या त्या मालात हे फार लवकर होऊ लागलं होतं. त्यानंतर अ‍ॅल्युमिना-झिर्कोनिया कंपोझिटचे गुलाबी गोळे पुढे आले. तुम्ही करताय त्याच घराण्यातले. म्हणून हट्टी झिर्कोनिया सरसकट वाईट म्हणू नका. टफनेस थोडा कमी, पण ओलाव्यात स्थिर, अशी चकती एखाद्या कामाला हवीच असते.

आता पद्धतीच्याही आधीची गोष्ट, कारण तुमचे ९७ टक्के मला तिथलेच वाटतात. ताकद सरासरी छिद्रांवर ठरत नाही, सगळ्यात मोठ्या एका दोषावर ठरते. टफनेस ५ धरला तर ५० मायक्रॉनच्या दोषाला ताकद साधारण ५४० मेगापास्कल येते, २० मायक्रॉनच्या दोषाला ८६० च्या आसपास. हे दोष बहुतेक प्रेसिंगमध्ये जन्मतात. स्प्रे ड्राय केलेल्या ग्रॅन्यूलमधलं (पावडरच्या गोळ्यांमधलं) पीव्हीए, म्हणजे पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, हवेतल्या ओलाव्याने मऊ राहतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ग्रॅन्यूल वाळून कडक होतात आणि डायमध्ये फुटतच नाहीत. त्यांच्यामधल्या फटी ग्रेनपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. साध्या भट्टीत त्या भरत नाहीत, दाबाखाली बऱ्याच मिटतात. मग श्रेय स्पार्क प्लाझ्माला जातं. कच्ची चकती हाताने मोडा आणि मोडलेली बाजू तिरक्या उजेडात भिंगाखाली धरा. गोल ग्रॅन्यूल शाबूत दिसले तर पावडर प्रेस करण्याआधी बंद डब्यात ओल्या स्पंजाशेजारी रात्रभर ठेवा, किंवा पीव्हीएसोबत ते मऊ ठेवणारं थोडं पीईजी घाला. हे जमलं की साध्या भट्टीतही एखादा टक्का वर मिळायला हरकत नाही.

प्रबंधात दोन पद्धतींची तुलना करायची तर घनता सारखी असलेल्या चकत्यांची करा, आणि ग्रेनचा आकार मोजून शेजारी लिहा. ९७ विरुद्ध ९९.५ अशी तुलना करून 'स्पार्क प्लाझ्माने हार्डनेस वाढतो' असा निष्कर्ष काढला तर परीक्षक विचारेल, वाढवला तो पद्धतीने की छिद्रं गेल्याने? भट्टीत १५०० आणि १५५० च्याही चकत्या काढा. हैदराबादला पुन्हा पाठवायचं बजेट असेल तर १२५० आणि १३०० च्या मागवा.

आणि सगळ्यात आधी, बजेट न लागणारं एक काम. स्पार्क प्लाझ्माच्या चकत्यांतल्या काही कॉलेजच्या भट्टीत, हवेत, १५०० अंशांवर २ तास ठेवा. कार्बन जळून चकती पांढरी होईल आणि झिर्कोनियाचे कण वाढतील. घनता तीच राहून टफनेस चढला आणि हार्डनेस थोडा उतरला, तर कणाच्या आकाराची गोष्ट सिद्ध झाली. घनता मात्र आधी आणि नंतर दोन्हीदा घ्या. आत कोंडलेल्या कार्बनचा वायू होऊन चकती किंचित फुगते असं कधी कधी घडतं. घनता अर्ध्या टक्क्याहून जास्त पडली तर त्या चकत्यांचा टफनेस तुलनेत धरू नका. नव्या चकत्या घेऊन १००० अंशांच्या आसपास बराच वेळ धरून आधी कार्बन काढून टाका आणि मगच वर चढा.